तीस वर्षांपेक्षा जुना कागद कोर्टात ‘आपोआप’ सिद्ध होतो का?

ओढ्याकाठचा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचत असतो, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

गाव सातारा जिल्ह्यात. आमचे आजोबा (आबा) आणि त्यांचे थोरले भाऊ, दोघांत 1971 साली वाटणी झाली. थोरल्यांनी घराकडचं रान घेतलं, आबांनी ओढ्याकडचं. कागद केला, खाली दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार आणि लिहिणाऱ्याचं नाव. आज त्यातलं कोणीही हयात नाही. नोंदणी केली नाही आणि भाऊबंदकीत कोण तालुक्याला जाणार म्हणून तलाठ्याकडेही कोणी गेलं नाही. ओढ्याकडचं रान तेव्हापासून आम्हीच कसतोय पण सातबाऱ्यावर नाव थोरल्यांचं, ते 1987 ला वारले तेव्हा त्यांच्या मुलांची म्हणजे माझ्या चुलत काकांची नावं लागली. आता रस्ता रुंद झाला, जमिनीला भाव आला, आणि काका म्हणतात तुमचा संबंधच काय.

2021 ला वडिलांनी दावा लावला. काकांकडे दोन गोष्टी आहेत, एक सातबारा आणि दुसरी 1996 च्या एका पेपरातली जाहीर नोटीस की सदर मिळकत आमच्या एकट्याच्या मालकीची आहे, हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळवा. आम्ही काही कळवलं नाही कारण तो पेपर आमच्या घरी येतच नव्हता.

आमचे वकील म्हणतात काळजी करू नका, कागद तीस वर्षांच्या वरचा आहे, आपोआप सिद्ध होतो. काकांचे वकील म्हणतात सातबारा सरकारी आहे, तो कायद्यानेच खरा धरायचा असतो. दोघंही खरं बोलत असतील तर मग कोर्ट कुणाचं ऐकणार? कुणाला अनुभव असेल तर लिहा.

टपरीवरचा_चहा

दोघंही फी घेणार एवढंच खरं आहे, बाकी सगळं गृहीत 😄

काळ्या_आईचा_लेक

सातबाऱ्यावर नाव ज्याचं तो मालक. विषय संपला. आमच्याकडे बँक पण कर्ज सातबारा बघूनच देते. कागद काय कोणीही लिहून ठेवेल.

काळाकोट

तालुका कोर्टात बावीस वर्षं काढलीत म्हणून लिहितोय, पण हा सल्ला नाही, कागद बघितल्याशिवाय सल्ला देत नसतात. ओढ्याकाठचा, आधी तो ‘आपोआप’ शब्द डोक्यातून काढा.

1872 च्या पुरावा कायद्यात गृहीत धरण्याच्या तीन पायऱ्या आहेत. कोर्ट एखादी गोष्ट ‘गृहीत धरू शकेल’, किंवा ‘गृहीत धरील’, किंवा ती ‘निर्णायक पुरावा’ असेल. पहिल्यात कोर्टाच्या मर्जीवर आहे, म्हणेल मला पटत नाही, साक्षीदार आणा. दुसऱ्यात कोर्टाला धरावंच लागतं, पण समोरच्याला ते खोडून काढायची मुभा असते. तिसऱ्यात खोडायलाही मिळत नाही. आता तीस वर्षांच्या कागदाचं कलम 90 कुठल्या पायरीवर बसतं? पहिल्या. ‘शकेल’. एका शब्दावर अख्खा दावा फिरतो आणि लोक तो शब्दच वाचत नाहीत.

उलट तलाठ्याच्या सही शिक्क्याची नक्कल, नोंदणी कार्यालयातली नक्कल वगैरे प्रमाणित नकला कलम 79 मध्ये येतात, तिथं ‘धरील’ आहे. सरकारी राजपत्र आणि वर्तमानपत्र कलम 81 मध्ये, तिथंही ‘धरील’. म्हणजे पायरी बघितली तर काकांचे कागद तुमच्यापेक्षा वर आहेत.

पण घाबरू नका, कारण खरा प्रश्न पुढचा आहे. गृहीत *काय* धरायचं? कलम 90 म्हणतं सही, अक्षर त्याच माणसाचं आहे आणि कागद त्यानेच करून दिला, एवढंच धरता येईल. कागदात जे लिहिलंय ते खरं आहे असं त्यात कुठंही नाही. 79 म्हणतं नक्कल अस्सल आहे. 81 म्हणतं पेपर हा खरोखरचाच पेपर आहे. मजकुराची हमी यातलं एकही कलम देत नाही. 1971 ला कोणी खोटं लिहिलं असेल तर ते 2001 ला खरं होत नाही, लोणचं नाहीये ते मुरायला.

आता मला सांगा. मूळ कागद आहे का झेरॉक्स? आणि आजवर होता कुणाकडे?

ओढ्याकाठचा

वकीलसाहेब धन्यवाद. मूळ आहे, पण आमच्याकडे नाही, आत्याकडे आहे. आबांनी वारायच्या आधी तिच्याकडे दिला, म्हणाले पोरं हरवतील. तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली, नायलॉनच्या पिशवीत. मी गेल्या दिवाळीत बघितला. घडीवर चार तुकडे व्हायच्या बेतात आहे, कोपऱ्यात कसरीने खाल्लंय, साक्षीदारांची नावं जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीने लिहिलीत आणि पाणी लागून पसरलीत. आबांची सही मोडीत आहे. चुलत बहीण म्हणाली लॅमिनेट करून टाकू म्हणजे टिकेल, ते करू का?

काळाकोट

नाही!!! लॅमिनेशनच्या दुकानाच्या आसपास पण फिरकू नका. उद्या समोरचा म्हणाला सही बनावट आहे तर हस्ताक्षर तज्ज्ञाला शाई बघायचीय, कागदाचा पोत बघायचाय, दाब बघायचाय, प्लास्टिकच्या आतलं काय बघणार तो. माझ्याकडे एक पक्षकार आलेले, आजोबांचं खरेदीखत फ्रेम करून भिंतीला लावलेलं, सतरा वर्षं ऊन खाऊन अक्षरं उडाली, नुसता शिक्का शिल्लक. कागद सपाट ठेवा, पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत, चिकटपट्टी लावू नका.

मूळ आहे हे ऐकून बरं वाटलं. नुसती नक्कल असती तर कलम 90 चा फायदा मिळाला नसता. प्रिव्ही कौन्सिलने (इंग्रजांच्या काळातलं सगळ्यात वरचं कोर्ट) 1935 मध्ये सांगितलंय आणि सुप्रीम कोर्टाने 1968 मध्ये तेच, की जुन्या कागदाच्या नकलेवरून मूळ कागदावरच्या सहीबद्दल काही गृहीत धरता येत नाही. कोर्टाच्या डोळ्यासमोर तो जीर्ण कागद असला पाहिजे.

आणि तीस वर्षं कधीपर्यंत मोजायची? दावा लावला त्या दिवसापर्यंत नाही, कागद पुराव्यात हजर करतो त्या दिवसापर्यंत. तुमचं 1971 म्हणजे प्रश्नच नाही, पण कुणाचा 1994-95 चा कागद असेल आणि दावा रखडलेला असेल तर आपल्या कोर्टांच्या तारखा पहिल्यांदाच उपयोगी पडतील.

टपरीवरचा_चहा

म्हणजे तारीख पे तारीख करत बसलं की कागद आपसूक म्हातारा होऊन सिद्ध होतो. वा रे न्याय 😂

निवृत्त_भाऊसाहेब

मी चौतीस वर्षं तलाठी आणि नंतर मंडळ अधिकारी होतो (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं म्हणे, गावात भाऊसाहेबच म्हणतात). काळ्या_आईचा_लेक यांनी जे लिहिलंय ते अर्धवट आहे म्हणून टंकतोय, बोटं हळू चालतात सांभाळून घ्या.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966, कलम 157. अधिकार अभिलेखातली (सातबारा त्यातच येतो) नोंद आणि फेरफार, म्हणजे हक्क बदलला की करायची नोंद, त्याच्या नोंदवहीतली *प्रमाणित* नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत किंवा कायदेशीररीत्या दुसरी नोंद होईपर्यंत खरी धरायची. काकांचे वकील म्हणतात ते हेच. पण यातले दोन शब्द लोक गिळून टाकतात. एक ‘प्रमाणित’. तलाठ्याने फेरफार लिहिला म्हणजे झालं नाही, मंडळ अधिकाऱ्याने तो प्रमाणित केला पाहिजे, आणि त्याच्या आधी कलम 150 प्रमाणे चावडीवर प्रसिद्ध करायचा आणि ज्यांचा ज्यांचा संबंध अभिलेखावरून दिसतो त्या सगळ्यांना लेखी कळवायचं. दुसरा शब्द ‘विरुद्ध सिद्ध होईपर्यंत’. म्हणजे नोंद खरी आहे, पण तूर्तास.

आता ओढ्याकाठचा तुम्ही एक काम करा. संगणकातला सातबारा बाजूला ठेवा. तहसीलच्या रेकॉर्ड रूमला अर्ज करा आणि 1950-60 च्या दशकापासूनचे हस्तलिखित सातबारे आणि सगळे जुने फेरफार, म्हणजे गाव नमुना सहा, यांच्या प्रमाणित नकला काढा. आणि थोरल्यांच्या नावापुढे बारीक अक्षरात ‘ए.कु.मॅ.’ असं काही लिहिलंय का ते भिंगाने बघा.

ओढ्याकाठचा

ए.कु.मॅ. म्हणजे?

निवृत्त_भाऊसाहेब

एकत्र कुटुंब मॅनेजर. कुठं ‘एकुपु’ पण असतं. पूर्वी चार भावांची जमीन असली तरी सातबाऱ्यावर थोरल्याचंच नाव लावायचे आणि पुढे हा शेरा मारायचे, म्हणजे हा एकटा मालक नाही, कुटुंबाच्या वतीने आहे. पुढं काय व्हायचं, थोरला वारला की वारसाची नोंद फक्त त्याच्या पोरांची, आणि धाकट्यांची पोरं बसायची बोंबलत. दर दहा वर्षांनी सातबारा नव्याने लिहून काढायचे त्यात कुणी शेरा उतरवला कुणी नाही, मग संगणकीकरण आलं. मी स्वतः अशा शेकडो नोंदी पाहिल्यात. कुणी मुद्दाम करायचं, कुणी कंटाळ्याने. पुष्कळदा कंटाळ्यानेच.

1987 चा वारस फेरफार काढलात की त्याच्यासोबत नोटीस कुणाकुणाला गेली तेही तपासा. तुमच्या वडिलांची सही किंवा अंगठा नसेल तर वकिलांना दाखवा.

काळ्या_आईचा_लेक

मग सातबाऱ्याला काही अर्थच नाही का?? पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा काढतो आपण तो काय शोभेला?

काळाकोट

अर्थ आहे ना, खूप अर्थ आहे. गृहीतक म्हणजे कामाची वाटणी समजा. ते तुमच्या बाजूने असेल तर तुम्ही खुर्चीत बसा, धावपळ समोरच्याने करायची. सातबाऱ्यामुळे काका आज खुर्चीत आहेत आणि यांना धावायचंय. यांनी ए.कु.मॅ. शेऱ्याची नक्कल आणली की खुर्ची डुगडुगायला लागते. एवढंच.

सुप्रीम कोर्टाने 1976 मध्ये विश्व विजय भारती प्रकरणात मस्त फरक केलाय. महसुली नोंदी साधारणपणे जशा आहेत तशा मान्य कराव्यात, पण हा मान खऱ्या नोंदींना आहे, बनावट किंवा चोरून घुसडलेल्यांना नाही. आणि नुसत्या फेरफाराने मालकी येतही नाही जातही नाही, हे तर त्या कोर्टाने इतक्या वेळा लिहिलंय की आता कंटाळले असतील. फेरफार मुख्यतः महसूल कुणाकडून घ्यायचा यासाठी. मालकी ठरवायची दिवाणी कोर्टाने.

डिजिटल सहीच्या सातबाऱ्याचं म्हणाल तर तो चालतो. पण पोर्टलवर फुकट दिसतो तो नुसता बघायला आहे, तो छापून कोर्टात आणू नका. दर आठवड्याला कोणीतरी आणतंच.

दक्षिण_मुंबईकर

जाहीर नोटिशीवरून आठवलं. वर्तमानपत्र पुरावा म्हणून किती चालतं यावरचं सगळ्यात गाजलेलं प्रकरण आपल्या मुंबईचंच आहे, आणि त्यात आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’ आहे!

1967 ची लोकसभा. दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिसांनी स. का. पाटलांना पाडलं, जायंट किलर म्हणून देशभर नाव झालं. मग एका मतदाराने याचिका केली की प्रचारात पाटलांविरुद्ध खोटा मजकूर पसरवला, भ्रष्ट मार्ग वापरले, आणि पुराव्याला मोठी भिस्त ‘मराठा’तल्या लेखांवर बातम्यांवर. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, 1969 ला निकाल, सरन्यायाधीश हिदायतुल्ला. त्यांनी लिहिलं त्याचा मथितार्थ असा की प्रत्यक्ष काय घडलं हे साक्षीदारांकडून आलं नाही तर नुसत्या बातमीला किंमत नाही, ती फार तर दुसऱ्या हातचा पुरावा. वार्ताहर माहिती गोळा करतो, संपादकाकडे देतो, संपादक काटछाट करतो, या प्रवासात सत्य वाकडंतिकडं होऊ शकतं. जॉर्जची खासदारकी टिकली.

वडील तेव्हा गिरगावात राहायचे, ते सांगायचे की ‘मराठा’ सकाळी आठच्या आत संपायचा. अंक खरा होता यात कुणाला शंका असणार. पण अंक खरा असणं आणि अंकातलं खरं असणं या दोन गोष्टी झाल्या.

काळाकोट

वा, अगदी नेमकं आणलंत. पुढं 1988 मध्ये लक्ष्मीराज शेट्टी प्रकरणात परत हेच, की कलम 81 खाली वर्तमानपत्र अस्सल धरलं म्हणून बातमीतली घटना सिद्ध होत नाही, बातमी म्हणजे ऐकीव माहिती.

तेव्हा ओढ्याकाठचा, 1996 च्या नोटिशीने काय सिद्ध होईल? की त्या दिवशी त्या पेपरात तशी नोटीस छापून आली. बस. काका मालक आहेत हे नाही. तुमच्या वडिलांनी ती वाचली हेही नाही. आणि त्यांनी अख्खा अंक आणलाय का नुसतं कात्रण, ते विचारा. वरचं नाव, तारीख नसलेलं कात्रण घेऊन लोक येतात, मग ते वर्तमानपत्र आहे का भेळेचा कागद हे तरी कोर्टाने कशावरून ठरवायचं.

जूनची_पहिली

अवांतर होतंय पण राहवत नाही. माझी जन्मतारीख 1 जून. नवऱ्याची 1 जून. सासूबाईंची 1 जून. दिराची पण 1 जून. व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या दिवशी अर्धा गाव केक कापत असतो 😀 गुरुजींनी शाळा सुरू होते त्या महिन्याची तारीख टाकून दिली, कारण विचारलं तर आई म्हणायची “पोळा झाला आणि ही झाली”. दाखल्यावर शिक्का सही सगळं अस्सल, आणि तारीख मात्र गुरुजींच्या मनची. हे सरकारी कागद खरा आणि मजकूर खोटा याचं सगळ्यात मोठं उदाहरण नाही का?

काळाकोट

ताई, लाखात एक. आणि याच मुद्द्यावर सुप्रीम कोर्टाचा 1988 चा निकाल आहे, बिरद मल सिंघवी. शाळेच्या रजिस्टरातली जन्मतारीख कुणी सांगितली, त्याला ती माहीत असण्याचं कारण काय, हे समोर आलं नाही तर त्या नोंदीला फारसं वजन नाही. नोंद पुरावा म्हणून आत येते, पण आत आल्यावर बसायला खुर्ची मिळेलच असं नाही.

राजपत्रित

मी नाव बदलाचं राजपत्र घेऊन पासपोर्टला, बँकेत, कॉलेजात फिरलोय म्हणून सांगतो, राजपत्रात छापलं म्हणजे सरकारने तुमचं नाव तपासलं असं नसतं. तुम्ही जाहिरात देता, ते छापतात. राजपत्र अस्सल असतं ते धरायचंच, ऑनलाइन राजपत्रालाही तसंच गृहीतक आहे. पण बँकेतला माणूस म्हणाला “ओरिजिनल आणा, हे प्रिंट आहे”. अहो राजपत्र छापील येतच नाही आता घरी, पीडीएफच ओरिजिनल आहे, दीड तास समजावलं. शेवटी त्याने माझ्याच प्रिंटवर माझीच सही घेतली आणि म्हणाला आता चालेल.

मोडीवेडा

राजपत्र म्हणजे गॅझेट आणि गॅझेटिअर यात बातम्यांतून फार घोळ होतोय, हैदराबाद गॅझेटच्या चर्चेत तर किती जणांनी काय काय लिहिलं. राजकारण इथं नको, फक्त फरक सांगतो. राजपत्रात सरकार आदेश अधिसूचना प्रसिद्ध करतं, त्याचं गृहीतक कलम 81 मध्ये. गॅझेटिअर म्हणजे जिल्ह्याचा माहितीग्रंथ, जसं जेम्स कॅम्पबेलने मुंबई इलाख्याचं संपादित केलं. तो संदर्भ म्हणून कोर्ट बघू शकतं, सुप्रीम कोर्टाने 1951 मध्ये म्हटलंय की गॅझेटिअर काळजीपूर्वक तयार केलेला असल्याने त्याला काही किंमत आहे. ‘काही’.

ओढ्याकाठचा, आबांची मोडी सही आहे म्हणालात ते वाचून टाइप करायला बसलो. त्या पिढीत पुष्कळ लोक मजकूर बाळबोधमध्ये लिहून घ्यायचे आणि सही मात्र मोडीत ठोकायचे. सहीची इतर उदाहरणं गोळा करा. सोसायटीच्या कर्जाचा रोखा, आधीची नोंदणीकृत खरेदीखतं, ग्रामपंचायतीचं प्रोसिडिंग बुक, देवस्थानाची वर्गणी वही. मोडीत एकाच नावाच्या दहा तऱ्हा होतात पण माणूस सही करताना हात उचलत नाही, तो झोका आयुष्यभर तोच राहतो.

न्यूजर्सीकर

आमच्याकडे हेच पण उलट. गावची जमीन, मी इथं, भावाला कुलमुखत्यारपत्र द्यायचं होतं. इथल्या नोटरीपुढे सही केली, अपोस्टील (कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणूनचा सरकारी दाखला) केलं, पाठवलं. समोरच्याने हरकत घेतली की परदेशातला नोटरी आम्ही मानत नाही. आमच्या वकिलांनी कलम 85 आणि 1970 चा जुगराज सिंग निकाल दाखवला, त्यात कॅलिफोर्नियातल्या नोटरीपुढचं कुलमुखत्यारपत्र होतं, कोर्टाने गृहीतक लागू केलं. पण एक गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नव्हती, कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरायचा असतो. भावाने पाकीट कपाटात ठेवलं, म्हणाला तू आलास की उघडू. झाली ना बोंब. नवीन करून पाठवलं.

काळाकोट

या मुद्रांकाच्या गोष्टीत मोठमोठे अडकतात. गृहीतक कितीही बळकट असो, मुद्रांक कमी असेल तर कागद दारातच अडवतात, आधी शुल्क आणि दंड भरा मग आत या.

ओढ्याकाठचा, तुमचा खरा धोका आता सांगतो, मुद्दाम शेवटी ठेवला होता. कलम 90 फक्त सहीचं बघतं. काकांचे वकील उठून म्हणतील, स्थावराची वाटणी आणि नोंदणी नाही, सबब हा कागद मालकीसाठी वाचताच येणार नाही. मी त्यांच्या जागी असतो तर हेच पहिलं म्हटलं असतं. इथं सगळं एका क्रियापदावर आहे. कागदात ‘याद्वारे वाटणी करीत आहोत’ असं आहे का ‘वाटणी झालेली आहे’ असं? आधी तोंडी होऊन गेलेल्या वाटणीची आठवण म्हणून लिहिलं असेल तर नोंदणीची सक्ती नाही, सुप्रीम कोर्ट, 1976, काळे प्रकरण. कागद बघून शब्दनशब्द लिहा.

ओढ्याकाठचा

आत्याला फोन केला, तिने चष्मा लावून वाचून दाखवलं, मी लिहून घेतलं. “शके 1893 सन 1971 … कारणे वाटणीची यादी लिहून ठेवितो ऐसी जे, आपले दोघांमध्ये मागील साली पंचांसमक्ष तोंडी वाटप झाले असून आपआपले हिश्श्यात आपण वहिवाट करीत आहो, पुढे लेकराबाळांत तंटा नसावा व आठवण राहावी म्हणून …” आणि पुढं कसरीने खाल्लंय.

वाचताना तिचा आवाज फिरला. म्हणाली, लेकराबाळांत तंटा नसावा म्हणे.

काळाकोट

‘झाले असून’. ज्याने कुणी लिहिलंय त्याला दंडवत. त्या काळचे गावातले लिहिणारे लोक, शाळामास्तर नाहीतर कुलकर्णी घराण्यातले, कायदा शिकलेले नसायचे पण काय लिहायचं ते पक्कं ठाऊक असायचं.

आता आत्याला साक्षीला आणा. दोन कारणं. एक, कलम 90 ला कागद ‘योग्य ताब्यातून’ आलेला लागतो, म्हणजे जिथं तो असणं स्वाभाविक आहे तिथून. घरातल्या पुरुषांकडे न ठेवता लेकीकडे का, हे समोरचा विचारणारच, ते तीच सांगू शकते. दोन, तिने आबांना सही करताना पाहिलं असेल तर ती सही ओळखू शकते, तोही स्वतंत्र पुरावा आहे. गृहीतकावर विसंबून साक्षीदार न आणणं ही आमच्या धंद्यातली फार जुनी चूक. ‘शकेल’ वर कधीही पूर्ण भार टाकू नये.

आणि हो, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय, त्यात 90 चं 92 झालंय, 81 चं 80, 79 चं 78. तुमचा दावा आधीचा आहे म्हणून तुम्हाला जुनाच कायदा. नवीन दावे लावणाऱ्यांनी नवे आकडे पाठ करा, आम्हीही करतोय, या वयात.

नुकतीच_सनद

सर एक शंका, मृत्युपत्र तीस वर्षांचं असेल तर? मला वाटायचं तेही याच कलमात.

काळाकोट

नाही. मृत्युपत्राला कलम 90 लागू होत नाही असं सुप्रीम कोर्टाने 2009 मध्ये आणि नंतरही सांगितलंय. मृत्युपत्र कितीही जुनं असो, सिद्ध करायची रीत वेगळी आहे, साक्षीदाराची. परीक्षेत विचारतात हे.

संपादक मंडळ

काही प्रतिसाद उडवले आहेत. आपापल्या भावकीतल्या लोकांची नावं आणि गट नंबर इथं लिहू नयेत.

ओढ्याकाठचा (आठ महिन्यांनी)

धागा वर काढतोय, मंडळींना सांगायचं राहिलं होतं.

भाऊसाहेब, रेकॉर्ड रूमला तीन खेपा झाल्या. पहिल्यांदा म्हणाले रजिस्टर सापडत नाही, दुसऱ्यांदा म्हणाले माणूस रजेवर आहे, तिसऱ्यांदा सापडलं. 1962 च्या हस्तलिखित सातबाऱ्यावर थोरल्यांच्या नावापुढे ए.कु.मॅ. स्वच्छ लिहिलंय, भिंग लागलं नाही. पुढच्या पुनर्लेखनात शेरा गायब. 1987 च्या फेरफारावर वडिलांना नोटीस दिल्याचं काही दिसत नाही. प्रमाणित नकला दाखल केल्या.

मोडीवेडा, सोसायटीच्या 1968 च्या रोख्यावर आबांची सही मिळाली, झोका तोच.

गेल्या महिन्यात आत्याची साक्ष झाली. वय 81. उलटतपासात काकांच्या वकिलांनी विचारलं की कागद तुमच्याकडे कसा, तुमच्या भावाने आत्ता आणून ठेवला असेल. आत्या म्हणाली, “आमच्या आबांनी दिला, शालूच्या घडीत ठेव म्हणाले, शालू पण आणलाय, त्याच्यावर कागदाचा डाग आहे, दाखवू का?” जज मॅडम हसल्या. पिशवी खरंच घेऊन आली होती, आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. कागदाला निशाणी 47 (कोर्टाचा पुराव्याचा क्रमांक) पडली. आमचे वकील म्हणाले निशाणी पडली म्हणजे सिद्ध झाला असं नाही, ते युक्तिवादात बघू. ‘आपोआप’ आता तेही म्हणत नाहीत.

काकांकडून पेपरचं कात्रणच आलंय, अंक नाही. त्यांची साक्ष पुढच्या तारखेला.

एकच प्रश्न राहिलाय वकीलसाहेब. आत्या रोज फोन करून विचारते कागद परत कधी मिळणार. तिला काय सांगू?

काळाकोट

निकाल लागून अपिलाची मुदत संपेपर्यंत कोर्टातच राहील, अपील झालं तर तेही संपेपर्यंत. मग अर्ज करून मूळ परत घेता येतो. तोवर निशाणी 47 ची प्रमाणित नक्कल काढून द्या त्यांना.

ओढ्याकाठचा

दिली. म्हणाली ही शालूत ठेवणार नाही, ही नवी आहे.